पेसमेकर पोलिसांचा खबऱ्या नाही, आणि छातीवर चुंबक मुळीच बांधू नका

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांमधून सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: अमेरिकेत एका माणसाला त्याच्याच पेसमेकरने तुरुंगात घातलं. पेसमेकरमध्ये सिम आणि जीपीएस असतं, तुम्ही कुठे जाता, काय बोलता ते पोलिसांना दिसतं. खोटं बोललात की ठोक्यांवरून कळतं. नव्या कायद्यात हे सगळं वॉरंटविना चालतं. म्हणून पेसमेकर बसवूच नका, आणि बसवला असेल तर जुन्या स्पीकरचं चुंबक रोज रात्री छातीवर बांधा, डेटा पुसला जातो.

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या तात्यांची नाडी मिनिटाला ३६ आहे. शेतात चक्कर येऊन पडले, डॉक्टरांनी पूर्ण हार्ट ब्लॉक (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा विजेचा इशारा खालच्या कप्प्यांपर्यंत पोचतच नाही) सांगितला, ऑपरेशनची तारीखही दिली. आता तात्या म्हणतात, "पोलिसना खबऱ्या छातीमा कसाले ठेवू?" आणि मावशीने, जिच्या छातीत यंत्र आधीच बसलंय, मला फोन करून विचारलं की चुंबक उजव्या बाजूला बांधायचं की डाव्या. मी वकिली करते. एरवी अशा मेसेजला उत्तर देत बसत नाही. पण हे आता घरात शिरलंय.

आधी चुंबक, कारण त्यात जीव जाऊ शकतो.

पेसमेकरमध्ये चुंबक ओळखण्याची सोय मुद्दाम ठेवलेली असते. वर चुंबक धरलं की बहुतेक पेसमेकर हृदयाचे स्वतःचे ठोके बघायचं थांबवतात आणि एका ठरलेल्या गतीने ठोके देत सुटतात. डॉक्टर हे तपासणीत किंवा दुसऱ्या एखाद्या ऑपरेशनच्या वेळी करतात, तेव्हा ईसीजी समोर चालू असतो. घरात, झोपेत, रात्रभर असं चाललं आणि यंत्राचा ठोका हृदयाच्या ठोक्यावर नको त्या क्षणी पडला, तर क्वचित का होईना, जीवघेणी लय सुरू होऊ शकते. आयसीडी असेल तर प्रकरण आणखी वाईट. हे यंत्र हृदय भलत्याच गतीने थरथरू लागलं की झटका देऊन माणसाला परत आणतं. त्यावर चुंबक ठेवलं की साधारणपणे ते आहे तोवर झटका बंद. दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळतही नाही. मावशीच्या छातीत आयसीडीच आहे. आपल्याकडे दोन्हींना सरसकट पेसमेकर म्हणतात, आणि ज्याने कोणी हा मेसेज लिहिला त्यालाही फरक माहीत नाही. फोनसुद्धा यंत्रापासून निदान १५ सेंटीमीटर लांब ठेवा, वरच्या खिशात नको, असं डॉक्टर सांगतात. तिथे हा माणूस म्हाताऱ्यांना स्पीकरचं चुंबक बांधायला सांगतोय!

आणि पुसलं काय जातं? काहीही नाही. आधीच्या तपासण्यांचे रिपोर्ट तर दवाखान्याच्या फाइलीत असतातच.

आता अमेरिकेची गोष्ट. ती निम्मी खरी आहे, हे मान्य करावंच लागेल. ओहायो राज्यातल्या मिडलटाउनमध्ये सप्टेंबर २०१६ मध्ये एक घर जळालं. मालक म्हणाला, आग दिसताच मी बॅगा भरल्या, काठीने खिडकी फोडली, सामान बाहेर टाकलं आणि गाडीपर्यंत नेलं. पोलिसांना संशय आला. त्यांनी झडतीचं वॉरंट घेऊन त्याच्या यंत्रातली नोंद मिळवली: आगीच्या आधीची, आगीच्या वेळची, नंतरची. हृदयरोगतज्ज्ञाने नोंद पाहून सांगितलं की अशा प्रकृतीच्या माणसाने एवढं सगळं इतक्या थोड्या वेळात केलं असेल हे फारसं संभवत नाही. जाळपोळ आणि विमा फसवणुकीचा आरोप लागला, आणि २०१७ मध्ये न्यायाधीशांनी हा पुरावा बाद करायला नकार दिला. इथवर खरं. पण तो दोषी ठरलाच नाही. खटला निकालापर्यंत जाण्याआधी २०२० मध्ये तो वारला. शिवाय त्यात पेसमेकर एकटा नव्हता, त्याच्या जबाबातली विसंगती होती, पेट्रोलचा वास होता.

सिम आणि जीपीएस निव्वळ बनाव. छोट्याशा बॅटरीवर हे यंत्र वर्षानुवर्षं चालतं, जीपीएस तिला परवडणारच नाही. त्यात माइकही नसतो. काहींना घरी ठेवायला मॉनिटर किंवा मोबाइल ॲप देतात, त्यातून दवाखान्याला ठोक्यांची माहिती जाते. लोकेशन पोलीस काढतात ते मोबाइलवरून.

खोटं पकडण्याचा मुद्दाही तसाच. ठोके चढाने वाढतात, तापाने वाढतात, भीतीनेही वाढतात. अनेक पेसमेकरांत शरीराची हालचाल टिपणारा सेन्सर असतो, तो हालचाल दिसली की गती वाढवतो. कापसाच्या वावरातून ट्रॅक्टरवर उसळत गेलात तरी त्याला तुम्ही चालताय असं वाटू शकतं. नोंदीत दिसेल वाढलेली गती, प्रत्यक्षात माणूस सीटवर बसलेला. उलटतपासणीत मी पहिला प्रश्न हाच विचारीन. दुसरा, यंत्राचं घड्याळ बरोबर होतं का.

वॉरंटच्या मुद्द्यावर मात्र मेसेजवाल्याला अर्धं माप द्यावं लागतं, आणि ते देताना मला बरं वाटत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी तपासाचा नवा कायदा, तिच्या कलम ९४ खाली पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन कागदपत्रं आणि इलेक्ट्रॉनिक नोंदी मागवू शकतो. पण त्यात केसपेपर आला, ईसीजी आला, तुमचा फोनही आला. पेसमेकर नाकारून त्यातलं काहीच सुटत नाही. आणि मागवलेली नोंद म्हणजे लगेच पुरावा नव्हे. आपल्या जालन्याच्या निवडणूक वादातून गेलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये ठणकावून सांगितलं की मूळ उपकरणच कोर्टात आणून सिद्ध केलं नाही, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ती अट आहे, आणि आता प्रमाणपत्रात तज्ज्ञाचा भाग आणि हॅश व्हॅल्यूही (फाइल बदलली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) लागते. आपल्याकडचे कित्येक मोबाइल व्हिडिओ याच पायरीवर अडखळतात.

भांडायचंच असेल तर इथे भांडा. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. मग माणसाच्या छातीतली नोंद मागवायला ठाण्याचं पत्र पुरू नये, मॅजिस्ट्रेटचा आदेश लागावा, अशी तरतूद कायद्यात असायला हवी. अमेरिकेतल्या त्या पोलिसांनीसुद्धा वॉरंट घेतलं होतं. आणि ज्यांच्या घरी मॉनिटर आहे त्यांनी पुढच्या तपासणीला दवाखान्यात विचारावं: ही माहिती कुठे साठते, कोण बघतं, किती वर्षं ठेवता. उत्तर लेखी मागा.