कागद आहेत हो, घरातच आहेत!

दसऱ्याला गाडी घरी येते. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर स्वस्तिक, सोसायटीत पेढे. या गडबडीत शोरूमवाला हातात एक जाडजूड पाकीट कोंबतो. काही उतावीळ माणसं ते तिथेच उघडून वाचतात. तुम्ही तसलं काही करू नका. पाकीट थेट डॅशबोर्डच्या खणात जाऊ द्या. तिथे अंगारा आहे, बडीशेप आहे, टोल रोख भरायचो त्या काळातल्या पावत्या आहेत. सोबत चांगली मिळेल.

आरसी, पॉलिसी, सगळं अस्सल तिथेच ठेवा आणि जोडीला गाडीची दुसरी किल्लीही. उद्या गाडी चोरीला गेलीच, तर चोराची कुठेही अडचण व्हायला नको. विमा कंपनी दाव्याच्या वेळी दोन्ही किल्ल्या आणि मूळ आरसी मागते, ही तिची जुनी खोड आहे.

आता विमा. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. हे एवढंच वाक्य लक्षात ठेवा आणि तीन वर्षं निर्धास्त झोपा. पाकिटातल्या कागदावर दोन वेगळ्या तारखा असतात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग बऱ्याचदा पहिल्या वर्षातच संपतो, असल्या बारीक अक्षरांच्या नादी लागलात तर चष्म्याचा नंबर वाढेल. दुसऱ्या वर्षी खांबाला गाडी घासली की कंपनीच तुम्हाला समजावून सांगेल: समोरच्याची भरपाई देऊ, तुमची नाही. आणि खांबवाला भरपाई मागायला येत नाही, ही एक जमेची बाजू.

नूतनीकरणाचे फोन येतात, ते कापत जा. पाच वर्षं एकही दावा केला नाही तर पुढच्या हप्त्याच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागात 50 टक्के सूट मिळते. पण पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की ती सूट गेली. पाच वर्षं जपून गाडी चालवायची आणि एक्क्याण्णवाव्या दिवशी सगळं पाण्यात सोडायचं, याला संन्यस्त वृत्ती लागते. आपल्याकडे ती भरपूर आहे.

पाण्यावरून आठवलं. जुलै 2024 मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पुण्यात एकतानगरीत ते घरांत शिरलं. अशा वेळी बुडालेल्या गाडीला हमखास स्टार्टर मारून बघावा. इंजिनात पाणी गेल्यावर गाडी चालू करून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी वेगळं इंजिन कव्हर घ्यावं लागतं. ते आपण घेतलंय का? पॉलिसीत लिहिलेलं असेल. पॉलिसी डॅशबोर्डात. डॅशबोर्ड पाण्यात.

पीयूसीबद्दल, म्हणजे धुराच्या तपासणीच्या दाखल्याबद्दल, फार बोलण्यासारखं नाही. पावती उन्हात काचेपाशी ठेवा, अक्षरं आपोआप उडतात. दंड दहा हजारांपर्यंत जाऊ शकतो, पण कागद तर आहे ना!

खरी कला दिसते ती गाडी विकताना. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करा, तारखेची जागा कोरी सोडा आणि मावसभावाच्या मित्राला किल्ली द्या. "नावावर करून घेतो हां, दादा," असं तो म्हणतो, आणि तो म्हणाला म्हणजे झालंच. पुढची काही वर्षं सिग्नल मोडल्याची चलनं, फोटोसकट, तुमच्या मोबाइलवर येत राहतील. आपली जुनी गाडी कुठे कुठे फिरते हे पाहण्याचा तेवढाच आनंद. अपघात झाला तर आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे गाडी गेली तरी मालकी सुटत नाही. कर्ज फिटल्याची बँकेची एनओसीही आरटीओत फॉर्म 35 सोबत देऊन बोजा उतरवण्याऐवजी लॅमिनेट करून ठेवा. पुढे ती शोधाल तेव्हा बँकेचंच नाव बदललेलं असेल.

डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन या सरकारी अ‍ॅपमधली कागदपत्रं चौकात चालतात. पण मग मामांशी बोलायचं काय? त्यापेक्षा गॅलरीत आरसीचा धूसर फोटो ठेवावा, तोही लग्नाच्या चारशे फोटोंखाली. तो चालत नाही. मग डॅशबोर्ड उघडावा. तो रिकामा असतो, कारण सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजच्या पोराने सगळं पिशवीत भरून दिलं होतं आणि ती तुम्ही घरी नेली होती. मग घरी फोन लावावा.

"अगं, कपाटात वरच्या खणात निळी पिशवी आहे बघ. त्यात आरसी आहे."

"थांबा, बघते... यात वॉशिंग मशीनचं वॉरंटी कार्ड आहे. 2011 चं."

"आणि त्याच्याखाली?"

"त्याच्याखाली मिक्सरचं."