पामेरियन झेपण्याबद्दल

'कारवान घरी आणण्याआधी' या माझ्या लेखावर (कारवान म्हणजेच मुधोळ हाउंड, आपल्याकडची शिकारी कुत्र्यांची जात) 'देशीप्रेमी' या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. खाली उत्तर लिहायला बसलो, ते वाढत गेलं, म्हणून इथे वेगळं देतोय. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सारांश असा : हरणी या आमच्या एका कुत्रीवरून मी अख्ख्या जातीला नावं ठेवली, कारवान दिवसातला बहुतेक वेळ झोपूनच काढतो, रोज तासभर मोकळं पळू दिलं की तो फ्लॅटमध्येही सुखाने राहतो, मी पट्टा चुकीचा वापरला, टपाल तिकिटाचं साल चुकवलं, हरणीला टाकून दिलं. आणि शेवटी : "काका, तुम्हाला पामेरियनच झेपलं असतं."

तिकिटाचं आधी मिटवतो. मुधोळ हाउंडचं तिकीट २००५ साली निघालं, रामपूर हाउंड, राजापालयम आणि हिमालयन शीपडॉग यांच्यासोबत. मी २००६ लिहिलं होतं. चूक माझी, लेखात दुरुस्त केली आहे, आभार. चूक दाखवली की मी मान्य करतो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे.

आता 'झेपण्या'बद्दल.

पहिली गोष्ट, आपल्याकडे ज्याला सरसकट पामेरियन म्हणतात तो बहुतेक घरांत इंडियन स्पिट्झ असतो. खरा पामेरियन दोन-तीन किलोंचा, ओंजळीत मावेल एवढा. देशी जातींचा कैवार घेऊन भांडायला निघालेल्या माणसाला एवढा फरक ठाऊक असायला हवा होता. दुसरी गोष्ट, आमच्याकडे बारा वर्षं स्पिट्झ होता. दुपारी दीड वाजता पोस्टमन, चार वाजता कामवाल्या मावशी, साडेसहाला वरच्या मजल्यावरच्या बाईंची लिफ्ट, प्रत्येकाची वर्दी भुंकून देणारा. उन्हाळ्यात रोज ओंजळभर केस निघायचे, सोफ्यावरचे, उशीवरचे, आमटीतले. तो 'झेपणं' म्हणजे काय ते आमच्या हिला विचारा. लहान कुत्रं म्हणजे सोपं कुत्रं, हा समज ज्याने घरात कुत्रं पाळलंच नाही त्याचा असतो. तुमच्याकडे आहे म्हणता, म्हणून आश्चर्य वाटलं.

तिसरी गोष्ट, आणि ही लिहिण्याची माझी इच्छा नव्हती. माझं बालपण मंगळवेढ्याजवळच्या वस्तीवर गेलं. आजोबांच्या दारात करवानी कुत्री असायची (आमच्याकडे करवानीच म्हणतात, हाउंड वगैरे पुण्यात आल्यावर कळलं). सर्जा नावाचा एक होता, खांद्यापाशी सव्वादोन फूट उंच, पोट पाठीला लागलेलं. पाहुणे म्हणायचे, उपाशी ठेवता काय याला? तो ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी घमेलंभर खायचा आणि बाभळीखाली पसरायचा. ससा उठला की मात्र आवाज नाही, भुंकणं नाही. मान खाली, कान मागे, आणि बांधाच्या पलीकडे फक्त धूळ. शिकारबंदीचा कायदा १९७२ साली आला, पण वस्तीवर पोचायला त्याला आणखी काही वर्षं लागली. ते बरोबर होतं असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतोय की ही जात मी यूट्यूबवर पाहिलेली नाही. तुमचा जन्म झाला असेल-नसेल तेव्हा मी सर्जाच्या पायातले काटे काढत होतो.

तर 'काका' ठीक आहे, वय आहे. पण 'झेपलं असतं' हे ज्या सुरात आलं आहे, तो सूर घरातल्या मोठ्या माणसाशी बोलताना तुम्ही लावता का, एवढंच विचारतो.

हरणीबद्दल. ती २०१९ मध्ये आली, दोन महिन्यांची. तेव्हा माझंही मत तुमच्यासारखंच होतं, की जात आपल्या मातीतली, आपण तिच्यात वाढलेलो, मग अडचण कसली. घर दोन बेडरूमचं, तिसरा मजला, आम्ही दोघं नोकरीला, आमच्या हिचा गुडघा दुखरा. लेखात हे सगळं आहे. मी लिहिलं होतं की कुत्र्याची जात निवडताना आधी त्या जातीचं वर्णन वाचू नका, आधी आपल्या घराचं वेळापत्रक कागदावर मांडा : पहाटे सहाला पट्टा कोणाच्या हातात असेल, पावसाळ्यात कोणाच्या, तो माणूस आजारी पडला तर कोणाच्या. हे वाक्य तुम्हाला दिसलं नाही. दिसलं ते फक्त 'कारवान नको'.

पट्ट्याचं तुम्ही लिहिलं आहे ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. या कुत्र्यांचं डोकं मानेइतकंच निमुळतं असतं, साधा पट्टा राहत नाही, ओढलं की आवळणारा मार्टिंगेल लागतो. आमच्या भागातल्या दुकानात तेव्हा तो नव्हता. ऑनलाइन मिळाला असता, मान्य. पण त्या सकाळी काय झालं ते वाचून जर कुणाला 'पट्टा चुकीचा' एवढंच सुचत असेल तर धन्य आहे. पार्किंगमध्ये स्कूटरखालून मांजर निघालं. हरणी पुढे ओढेल म्हणून मी पाय रोवले. ती पुढे गेलीच नाही. दोन पावलं मागे सरली, मान खाली घातली, आणि माझ्या हातात नुसता पट्टा, त्यावरचा बिल्ला अजून किणकिणतोय. मागच्या भिंतीवरच्या काटेरी तारेने तिची कूस ओल्या कागदासारखी फाटली. कातडी इतकी पातळ की डॉक्टर म्हणाले, यांच्या अंगावर चरबी नसते, भूलही जपून द्यावी लागते. नऊ टाके. मांजर वाचलं, कुणी विचारलं नाही तरी सांगतो.

ती झोपते, हो. झोपत नाही असं कोण म्हणालं? मी उठल्यानंतरचं बोलत होतो.

'रोज तासभर मोकळं.' हा शब्द वाचून मला हसू आलं. पुण्यात मोकळं म्हणजे कुठे? मैदानावर सकाळी क्रिकेट, कडेने चालणाऱ्या आज्या, कोपऱ्यात भटक्यांची टोळी. चारी बाजूंनी बंदिस्त जागा असल्याशिवाय कारवान सोडू नये, कारण लांबवर काही हललं की त्याला हाक ऐकू येत नाही; ऐकू येते, पण घ्यायची नसते. तुमच्याकडे तशी जागा असेल तर तुम्ही भाग्यवान आहात, आणि तसं तुम्ही लिहायला हवं होतं. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आम्हाला खाली गेटपर्यंतच जाता यायचं. हरणीने दिवाणाचा पाय कुरतडला, मग भिंतीचा प्लास्टर. मी तिला ओरडलो. लेखात हे घातलं नव्हतं.

लष्करानेही मुधोळ निवडला, हा दाखला तुम्ही दिला आहे. दिला, छान. पण मेरठच्या लष्करी प्रशिक्षण केंद्रात एका कुत्र्यामागे पूर्ण वेळ एक माणूस असतो, आणि तो सकाळी आठ चाळीसची बस पकडत नाही.

लॅब्रॅडॉर घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पुन्हा वाचा.

'टाकून दिलीत' हा शब्द मात्र मागे घ्या. २०२१मध्ये हरणी माझ्या चुलतभावाच्या वस्तीवर गेली, मंगळवेढ्यालाच. मी स्वतः गाडीतून नेली, सोबत तिचं अंथरूण, लसीचं कार्ड आणि तो एकदाचा मागवलेला मार्टिंगेल. भावाने तो खुंटीला अडकवला, अजून तिथेच आहे. दिवाळीत गेलो होतो. ती विहिरीच्या कठड्यावर उभी होती, गाडी थांबली तसे कान उचलले, आली, हात हुंगला, गुडघ्याला टेकून घटकाभर उभी राहिली आणि परत कठड्यावर गेली. ही म्हणाली, ओळखलं तिने. मी काही बोललो नाही.

प्रतिक्रिया उडवलेली नाही, वाचकांनी ठरवावं. तुमचा कारवान किती वर्षांचा आहे आणि घरात पट्टा कोण धरतं, ते मात्र तुम्ही लिहिलेलं नाही. लिहा. आणि नाव टाकून लिहिलंत तर मलाही 'देशीप्रेमी' म्हणावं लागणार नाही.