रस्ता आपला, पैसा आपला, परवानगी कशाला?

शहरात स्वतःच्या निधीतून रस्ता काढण्याचा संकल्प आपण सोडला असेल, तर प्रथम आपले अभिनंदन, कारण परक्या पैशाच्या भानगडीत न पडल्याने आपले निम्मे काम झालेलेच आहे. जागतिक बँकेसारखा सावकार कर्ज देताना पर्यावरणाचा अभ्यास मागतो, बाधितांच्या सभा घ्यायला लावतो आणि वर त्या सभांची इतिवृत्तेही वाचतो. घरपट्टी भरणाऱ्या नागरिकाला ही खोड नसते. त्याला पावती मिळाली की पुरते.

पैशाची सोय झाली की रस्त्याचे वर्णन ठरवावे, आणि ते फार जपून ठरवावे. कोणत्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते हे सांगणाऱ्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेत ‘महामार्ग’ या नोंदीखाली राष्ट्रीय आणि राज्य महामार्ग येतात. शहरातल्या रस्त्याचे नाव तिथे नाही. तेव्हा आपला रस्ता आठ पदरी असो, टेकडी पोखरणारा असो की समुद्रात भर घालून केलेला असो, कागदावर तो विकास आराखड्यातला साधा रस्ताच राहिला पाहिजे. द्रुतगती, जागतिक दर्जाचा वगैरे विशेषणे भाषणात सढळ हाताने वापरावीत; भाषण फाइलला लावावे लागत नाही.

राहता राहिली झाडे. १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार तोडायच्या झाडावर ठळक जागी नोटीस लावावी लागते. ती अवश्य लावावी, मात्र कुंपणाच्या भिंतीकडील बाजूस लावावी, कारण भिंतीला ती अगदी ठळक दिसते. शक्यतो जुलै महिना निवडावा, म्हणजे हरकतींची मुदत संपण्यापूर्वीच शाई ओघळून खोडाला लागते आणि खाली फक्त सहीचा शिक्का वाचता येतो. खरी अडचण २०२१ च्या दुरुस्तीने केली आहे. झाडाचे जितके वय तितकी रोपे लावायची, आणि पन्नाशी ओलांडलेल्या झाडाला वारसा वृक्ष म्हणायचे, असा हा हिशेब आहे. सुदैवाने झाडाकडे जन्माचा दाखला नसतो. घेर मोजणाऱ्या कर्मचाऱ्याने टेप थोडी वर धरून नीट ताणली, तर सत्तरीतला वड पाहता पाहता पंचेचाळिशीत येतो आणि वारसाही उरत नाही. वडाची याला हरकत नसते; असलीच तर ती लेखी नसते.

भूमिपूजन मात्र लांबवू नये. परवानगीची वाट पाहत नारळ ठेवला तर तो नासतो, आणि दरम्यान आचारसंहिता लागली तर सगळाच मुहूर्त हुकतो.

इतके करूनही कोणी न्यायालयात गेलेच, तर मुंबईचा किनारी रस्ता आठवावा. प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वांद्रे-वरळी सागरी सेतूपर्यंतचा हा १०.५८ किलोमीटरचा टप्पा महापालिकेने स्वतःच्या तिजोरीतून केला. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी ११ मे २०१७ रोजी मिळाली, डिसेंबर २०१८ मध्ये भूमिपूजन झाले, आणि १६ जुलै २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द करून २००६ च्या अधिसूचनेखालील पर्यावरण मंजुरी आणि वन्यजीव कायद्याखालील परवानगीही हवी, असे सांगितले. त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने या निकालाला स्थगिती दिली आणि मार्च २०२४ मध्ये रस्त्याची एक बाजू वाहनांना खुली झाली. मंजुरी हवी होती की नको, या कायदेशीर प्रश्नात रस असणाऱ्यांनी तो गाडीत बसून सावकाश चर्चेला घ्यावा. आपण एवढेच लक्षात ठेवावे की समुद्रात टाकलेला दगड बाहेर काढा, असे म्हणणे कोणत्याही न्यायाधीशाला जड जाते.

बाधितांशी संवाद जरूर साधावा, पण पुलाच्या खांबांच्या जागा ठरल्यानंतर साधावा. याच किनारी रस्त्याच्या पुलाबाबत वरळीच्या कोळ्यांचे म्हणणे साधे होते : खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवले तर लाटांत होड्या नेणे धोक्याचे होईल, ते २०० मीटर ठेवा. बरीच वर्षे पालिकेने ६० चा हेका सोडला नाही आणि शेवटी १२० मान्य केले. ही तडजोड आपल्या अहवालात ‘लोकसहभाग’ या शीर्षकाखाली घालता येते, फक्त तो पूल त्याच समुद्रात रोज होडी घालणाऱ्याला विचारून आधीच का आखला नाही, हा रकाना छापील नमुन्यात नसल्याची खात्री करून घ्यावी.