आधी प्रश्न की आधी उतारा?

राज्यसेवा पूर्व परीक्षेच्या सीसॅट पेपरमध्ये (आकलन आणि तर्कक्षमता तपासणाऱ्या पेपरमध्ये) आधी प्रश्न वाचून मगच उताऱ्याकडे वळावे, असा सल्ला उतारे सोडवण्याविषयीच्या एका लेखात वाचला; तो मला अर्धाच पटतो. ८० प्रश्न, २०० गुण आणि २ तास, म्हणजे प्रश्नामागे जेमतेम दीड मिनिट, हे गणित पाहता प्रश्नांवर आधी नजर टाकणे योग्यच. पण पर्यायही आधीच वाचले, तर तीन चुकीची विधाने डोक्यात घेऊन उतारा वाचावा लागतो आणि नंतर त्यांतलेच एखादे ‘कुठेतरी वाचल्यासारखे’ वाटू लागते.

खरी गफलत बहुधा उताऱ्यात नसते, ती पर्यायातल्या एखाद्या शब्दात असते. समजा, उताऱ्यात ‘काही गावांत ठिबक सिंचनामुळे पाण्याची बचत झाली’ असे आहे आणि पर्याय म्हणतो, ‘ठिबक सिंचनाने पाण्याची बचत होतेच’. शेतकऱ्याच्या घरात वाढलेला विद्यार्थी (मीही त्यातलाच) हा पर्याय बेधडक निवडतो, कारण ते विधान त्याला अनुभवाने खरे वाटते. विचारलेले मात्र उताऱ्यावरून काय निष्पन्न होते, एवढेच असते. त्या ‘च’खाली रेघ ओढावी.

चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण वजा होतात म्हणून अनिश्चित प्रश्न सरसकट सोडावेत, हे त्याच लेखातले मत तर अजिबात पटले नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झालेले असताना, मिळाले तर २.५ आणि गेले तर ०.६२५ असा हिशेब समोर असूनही उत्तर कोरे ठेवणे नुकसानीचेच आहे.