टीप शोधू की वाजवू?

पियानोचा संगीतकार शोपँ याच्या रचनांची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे निरनिराळ्या प्रती ताडून सिद्ध केलेली संहिता, विकत घेणाऱ्याला पियानो वाजवायचाच नसतो, असा काही संपादकांचा ठाम समज दिसतो. शोपँची एकच रचना पॅरिस, लाइपझिग आणि लंडन येथून साधारण एकाच सुमारास निघत असे, तिन्ही छापील प्रतींत फरक राहत आणि शिष्यांच्या प्रतींवर तो पुन्हा पेन्सिलीने बदल करी. तेव्हा पाठभेद, म्हणजे प्रतींमधले असे फरक, असणारच, हे मान्य. पण ते वाजवणाऱ्याला दिसायला नकोत का? ओपस 28 या संग्रहातील सी मायनर प्रील्यूड या छोट्या रचनेच्या तिसऱ्या बारमधला (तालाच्या खंडातला) शेवटचा कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) ई नॅचरलने वाजवायचा की त्याच्या अर्धा स्वर खालच्या ई फ्लॅटने, हा जुना वाद आहे. रचना अवघी 13 बारची, पानावर हवी तेवढी जागा, तरीही अशा एका आवृत्तीत त्यावरची टीप पुस्तकाच्या शेवटी, मुंगीएवढ्या टाइपात, आणि 'प्र1', 'शि3' अशा संक्षेपांत, ज्यांची उकल आणखी चाळीस पाने मागे! आमच्या भांडारकर संस्थेने महाभारतासारख्या अवाढव्य ग्रंथाचे पाठभेद त्या-त्या पानाच्या तळाशी छापले. इथे एका पानाची रचना पेलवत नाही. वर, मूळ संहितेच्या शुद्धतेची ग्वाही देणाऱ्या याच पुस्तकात कोणता स्वर कोणत्या बोटाने वाजवायचा ते सांगणारे आकडे मात्र आधुनिक संपादकाचे, आणि त्यांतले शोपँचे कोणते, हे ओळखायला पुन्हा शेवटचेच पान उघडायचे.