मरिनारावर मासे नसतात हो!

लेख आवडला, पण 'मरिनारा म्हणजे मासे-कोळंबी घातलेला पिझ्झा' या वाक्याला अडखळलो. नाव दर्यावर्द्यांचं असलं तरी त्यावर ना मासा, ना चीज. टोमॅटो, लसणाचे काप, ओरेगानो, ऑलिव्ह तेल. संपलं! युरोपीय संघाने २०१० मध्ये नेपल्सच्या पिझ्झाला पारंपरिक पदार्थ म्हणून मान्यता दिली, त्यात मार्गेरिटाच्या जोडीला हाच आहे.

चूक माझीही झाली होती म्हणा. नेपल्सला कोळंबीच्या आशेनेच मागवला. लाकडाच्या भट्टीतून दीडेक मिनिटात ताटात आला. कडा टम्म फुगलेल्या, त्यांवर भाकरीला पडतात तसे काळे डाग, आणि मध्यभाग इतका ओलसर की तुकडा उचलला की टोक खाली लोंबायचं. चीज घालायला विसरले की काय, म्हणून वेटरला विचारलंसुद्धा. त्याने नुसती मान हलवली आणि गेला पुढच्या टेबलाकडे. मुकाट्याने खायला घेतला. टोमॅटोची आंबट-गोड चव, मागून लसूण. चीज असतं तर ही चव दबलीच असती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच मागवला. बायकोने मात्र मार्गेरिटा सोडला नाही.