खुर्चीचा सवाल

बेळगावात एखाद्या जुन्या घरात गेलात तर उभं राहायची तयारी ठेवा. बसायला म्हणून खुर्ची ओढली की आतून कुणीतरी ओरडतं, "अहो, ती नको! तिच्यावर गांधीजी बसले होते!"

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी अध्यक्ष होते, आणि आयुष्यात ते अध्यक्ष झाले ते तेवढ्या एकाच अधिवेशनाचे. गावाला याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण शहापूर, वडगाव, अनगोळ, कॅम्प असं करत गांधीजी बसलेल्या खुर्च्या मी एकदा मोजायला घेतल्या आणि सत्तावीसवर सोडून दिल्या. एवढ्या खुर्च्यांवर बसायचं तर माणसानं ठराव कधी मांडायचे? शिवाय गांधीजी बसायचे ते मुळात खाली, गादीवर. ही एक बारीकशी अडचण गेल्या शंभर वर्षांत आमच्या गावानं मनावर घेतलेली नाही.

आमच्या शहापूरच्या घरातली खुर्ची मात्र खरी. (बाकीच्या सव्वीस घरांतही असंच म्हणतात.) आजोबा अधिवेशनात स्वयंसेवक होते, वय वर्षं एकोणीस. त्या वेळी पाण्यासाठी खणलेली काँग्रेस विहीर अजून आहे. तिथून घागरी भरून आणायचं काम त्यांच्याकडं. अधिवेशन संपलं, मंडप सुटला, सामानसुमान ज्याचं त्याला परत गेलं आणि आजोबा खुर्ची घेऊन घरी आले. कशी, कुणाला विचारून, हे विचारायचं नाही. आमच्या घरात 'आणली' असं म्हणायची पद्धत आहे.

त्या खुर्चीवर बसायची कुणाची टाप नव्हती. दिवाळीला तिला हळदकुंकू, दसऱ्याला आपट्याचं पान. मांजर बसायचं, पण ते कुणाचंच ऐकत नाही. माणसांपैकी एकच, १९७१ च्या शिरगणतीला आलेले मास्तर, माहीत नसल्यामुळं टेकले. आजी चहाचा कप हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि मास्तर उठेपर्यंत तिनं तो दिला नाही.

हे सगळं असंच चाललं असतं. पण पुण्याच्या पुतण्यानं मोबाइलवर एक जुनी बातमी पाठवली. २०२० साली इंग्लंडात ब्रिस्टलजवळच्या एका लिलाववाल्यांच्या टपालपेटीत कुणीतरी साध्या लिफाफ्यात गांधीजींचा चष्मा टाकून गेलं. लिफाफा अर्धा बाहेर लोंबत होता. त्या चष्म्याला लिलावात आले दोन लाख साठ हजार पौंड. खाली पुतण्याचा प्रश्न: "काका, चष्म्याला एवढे, तर खुर्चीला किती?"

रात्री झोप लागली नाही. चष्म्याचं वजन ते केवढं! आमची खुर्ची भरेल चार किलो. न्यूयॉर्कला २००९ साली गांधीजींचा चष्मा, चपला, घड्याळ आणि ताटवाटी मिळून अठरा लाख डॉलरला गेली, हेही पुतण्यानंच शोधून काढलं. पहाटेपर्यंत मी गळकं छप्पर, मुलाची फी आणि शेजाऱ्याबरोबरचा भिंतीचा दावा, तिन्ही निकालात काढले होते. बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "आधी न्हाणीघराची ओल काढायची," आणि कुशीवर वळली.

आता विकायचंच आहे तर खुर्ची एकटी कशाला, म्हणून माळा उपसला. हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात धुळकट आठवडा. घंगाळ निघालं, तांब्याचा बंब निघाला, पायली-अधोलीची मापं, पानाचा पितळी डबा, दोन अडकित्ते, आणि एका टिनच्या डब्यात नाणी. त्यातलं एक राम-लक्ष्मण-सीतेचं, '१८१८, ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा' असं लिहिलेलं. शेजारचे काका ते बघून थरथरायला लागले. असल्या नाण्याला करोड मिळतात, त्यांनी व्हिडिओत पाहिलं होतं. मी ते खडे बाजारातल्या सोनाराकडं नेलं. त्यानं हातात न घेताच सांगितलं की असलं नाणं कंपनीनं कधी पाडलंच नाही, जत्रेत मिळतात ही. मग समजूत घालावी तसा जॉर्जछाप रुपया हातात घेतला. साल बघितलं, १९४५. "ह्यात निम्मीच चांदी ओ. चाळीसच्या आधीचा असता तर बात वेगळी. लढाईत सरकारनं चांदी कमी केली." साहेबाच्या राज्यातही भेसळ होती हे ऐकून का कोण जाणे, बरं वाटलं.

बंबाची बातमी गल्लीत फुटली आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून दोघं आले. गॉगल घातलेला बोलायचा, दुसरा नुसता मान हलवायचा. बंब 'तसला' आहे का, असं त्यांनी दार लावून घेऊन विचारलं. तसला म्हणजे वीज पडलेल्या तांब्याचा, जो तांदूळ ओढून घेतो. अंतराळात रॉकेट सोडायला लागतो म्हणे. गॉगलनं खिशातून पुडी काढून चार दाणे बंबाजवळ ठेवले. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. आजवर त्या बंबानं गोवऱ्या आणि लाकडं सोडून काही ओढलेलं नव्हतं, पण क्षणभर मलाही वाटलं की एक दाणा हलला. हलला होता खरा, मुंगी होती. तपासणीच्या केमिकलसाठी आधी वीस हजार भरा म्हणाले तेव्हा बायकोनं ते चार दाणे उचलून त्यांच्या हातावर ठेवले आणि दार उघडलं.

शेवटी एका मोठ्या शहरातली लिलाव करणारी मंडळी बेळगावात येणार असं कळलं. टिळकवाडीत हॉल घेऊन जुन्या वस्तूंचा लिलाव. आधी त्यांचा माणूस घरी येऊन बघून जाणार. आला तो पोरगेलासा, हातात पांढरे मोजे, कपाळावर बॅटरी. मला वाटलं दातांचा डॉक्टर. घंगाळ बघितलं, डबा बघितला, अडकित्त्याचं पातं मिटून-उघडून बघितलं आणि खूश झाला. चुलतभावानं मिरवायला आणून ठेवलेल्या कर्ण्याच्या ग्रामोफोनकडं त्यानं दुरूनच बघितलं. "कर्णा नवा, पेटी नवी, कुत्र्याचं चित्र तर मागच्या वर्षीचं." चुलतभाऊ ग्रामोफोन उचलून घेऊन गेला. अजून बोलत नाही.

मग खुर्ची. मी घसा साफ करून १९२४ पासून सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कागद काय आहेत?"

"कसले कागद?"

"प्रोव्हेनन्स. म्हणजे कुणाची, कुठून आली, कुणाकडं होती. फोटो, पत्र, पावती काहीतरी."

म्हणजे खुर्चीचा उतारा. आमच्या घराच्या उताऱ्यावर अजून पणजोबांचं नाव आहे, आणि हा खुर्चीचा मागत होता. पावती आजोबांनी घेतली नसणार, कारण पावती घेऊन वस्तू 'आणत' नाहीत. मी आत्याला पुढं केलं. आत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांची, चिकोडीला दिलेली, खास या कामासाठी आलेली. ती म्हणाली, "मी सांगतो की. माझ्या वडलांनी सांगितलंय." आमच्याकडं बायका 'मी सांगतो, मी येतो' असंच बोलतात. पोरानं ते वहीत लिहूनही घेतलं नाही.

त्यानं काय केलं, तर खुर्ची उचलली आणि पालथी केली.

शंभर वर्षांत कुणी खुर्ची पालथी केली नव्हती. देव्हाऱ्यातला देव कोण पालथा करून बघतो? खाली, वेताच्या बैठकीच्या कडेला, एक पिवळा पडलेला कागद चिकटलेला. बॅटरी पाडून त्यानं वाचलं: मेड इन चेकोस्लोव्हाकिया.

घरात शांतता पसरली. त्यानं समजावलं, वाफेवर लाकूड वाकवून करतात, त्या काळी असल्या खुर्च्या जहाजानं मुंबईला ढिगानं यायच्या, इराण्याच्या हॉटेलात असतात त्या ह्याच. तो देश झाला १९१८ ला, म्हणजे साल तसं जुळतं. पण आमचं लक्ष सालाकडं नव्हतं. विलायती! मुंबईत विलायती कपड्यांची होळी झाली ती १९२१ ला, आणि त्यानंतर तीन वर्षांनी गांधीजी विलायती खुर्चीवर?

सगळे आत्याकडं बघायला लागलो. आत्यानं पदर सावरला. "म्हणून तर," ती म्हणाली, "लगेच उठले."

मी त्या कागदाकडं बराच वेळ बघत बसलो होतो. जिथं ती खुर्ची झाली तो देश १९९३ ला मोडला. खुर्ची आमच्याकडं आली तेव्हा आमचं शहापूर सांगली संस्थानात, पुढं मुंबई राज्यात, मग १९५६ ला म्हैसूर राज्यात, १९७३ ला त्याचं कर्नाटक झालं, २०१४ ला बेळगावचं बेळगावी. खुर्ची कोपऱ्यातून हलली नाही. पोरगा फॉर्म भरत होता, त्यात 'मूळ ठिकाण' असा रकाना होता. मी म्हटलं, तो राहू दे, तो रकाना भरायला बसलात तर आमच्या घरात दोन तट पडतील.

परदेशात पाठवली तर जास्त येतील का, हे मी हळूच विचारून घेतलं. तो म्हणाला, १९७२ चा कायदा आहे. वस्तू ऐतिहासिक आणि शंभर वर्षांहून जुनी असेल तर पुरावस्तू, देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे गांधीजी बसले असतील तर विकत घेणारे सगळे साहेब बाद, आणि बसले नसतील तर इराण्याच्या हॉटेलातली खुर्ची साहेब घेणार कशाला? शेजारच्या काकांनी मध्येच तलवार काढली: नागपूरच्या रघूजी भोसल्यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावात ४७ लाख १५ हजाराला सोडवून आणली, तसं तुमच्या खुर्चीचं करा की. कुठलं सरकार करणार? आमच्यावर हक्क सांगणारी दोन सरकारं आहेत. खुर्ची म्हटलं की सरकारं धावतात असं ऐकून होतो, आमच्या खुर्चीसाठी एकही धावलं नाही.

तेवढ्यात निपाणीच्या चुलत्यांचा फोन. "खुर्ची विकूलालास म्हणे? वीक, वीक. खरी आमच्याकडं आहे. तुमची ती जवाहरलालची."

यादी छापून आली. घंगाळाला अर्धं पान, अडकित्त्याला रंगीत फोटो. खुर्चीला दीड ओळ: 'वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, विसाव्या शतकाचा पूर्वार्ध, वेत नंतर विणलेला, मागच्या पायाला वाळवी.' गांधीजींचं नाव नाही, आजोबांचंही नाही. नावं कोण वगळतं ते आम्हाला सीमाभागात सवयीचं आहे, पण वाळवी तेवढी न विसरता छापली होती.

लिलावाच्या दिवशी आत्याला घरी ठेवणं शक्यच नव्हतं. तिला लिलाव माहीत होता तो जत्रेतला. आमच्याकडं त्याला सवाल म्हणतात. देवापुढचा नारळ, देवीची साडी यांचा सवाल होतो. माणसं ओरडून बोली वाढवतात, वर एक रुपया लावतात, भंडारा उधळतात, आणि नारळ जिंकलेला माणूस पुढं वर्षभर गल्लीत ताठ चालतो. इथं हॉलमध्ये एसी. माणसं अंत्यविधीला आल्यासारखी गप्प, प्रत्येकाच्या हातात नंबराची पाटी, बोली म्हणजे नुसती पाटी वर. वेळ घालवायला आत्यानंही दारात नाव लिहून एक पाटी घेतली होती. वारा घ्यायला, मला वाटलं.

घंगाळ गेलं, डबा गेला. मग दोन पोरांनी खुर्ची आणून मंचावर ठेवली. उजेडात ती फारच बारकी दिसली.

"तीन हजारांपासून सुरू करूया."

कुणी हललं नाही.

"दोन?"

पुढच्या रांगेतला एक माणूस मोबाइल बघत होता.

"दीड हजार? एक?"

शेजारी आत्याचा श्वास जोरात चाललेला मला ऐकू येत होता. आजोबांचा, अधिवेशनाचा, सगळ्या शहापूरचा अपमान तिच्या डोळ्यांदेखत पाचशे-पाचशेनं उतरत होता. लिलाववाल्यानं हातोडी बाजूला ठेवायला घेतली आणि आत्या उभी राहिली.

"पाच हजार एक!"

हॉल मागं वळला. मी तिचा पदर ओढला. "आत्या, खुर्ची आपलीच आहे!"

"गप बस. हजाराला कोण देतंय ते बघतो मी."

आणि मग मागच्या रांगेतून, "सहा हजार एक!" निपाणीचे चुलते. नुसती मजा बघायला म्हणून आले होते. जवाहरलालची खुर्ची ती, पण आत्याला एकटीला मान कसा जाऊ द्यायचा? आत्या सात, चुलते आठ. लिलाववाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच रक्त आलं. बारा हजार एकला हॉलमध्ये टाळ्या पडल्या. आत्यानं पंधरा हजार एक म्हणताना पाटी अशी नाचवली की जवळ भंडारा असता तर उधळलाच असता. चुलत्यांनी काकूकडं बघितलं. काकूनं पर्स मांडीखाली घेतली होती.

एक वार. दोन वार. तीन वार.

आत्या जिंकली. लोक येऊन तिचं अभिनंदन करून गेले. चुलतेसुद्धा आले, पाया पडले आणि म्हणाले, "आत्या, आता खरी तुमचीच म्हणायची."

मी काउंटरवर हिशोबाला गेलो. विकणारा मी, घेणारी आत्या, तेव्हा पैसे या खिशातून त्या खिशात जातील असं मला वाटलं होतं. घेणाऱ्याकडून बोलीवर वीस टक्के. विकणाऱ्याकडून दहा टक्के. दोन्हीवर अठरा टक्के जीएसटी. एकूण ५,३१० रुपये आणि वर काही पैसे, आमचीच खुर्ची आमच्याच घरी न्यायचे. टेम्पोचे वेगळे. घंगाळाचे आले होते त्यातून वळते करून घेतले. न्हाणीघराची ओल तशीच आहे.

टेम्पो यायला वेळ होता. हॉलच्या बाहेर, फुटपाथवर, मी, आत्या आणि खुर्ची. ऊन चढलेलं. आत्याचे गुडघे गेले आहेत, तिला उभं राहवेना. तिनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, कठडा नाही, पायरी नाही. मग मला काही कळायच्या आत ती खुर्चीवर बसली. अठ्ठ्याऐंशी वर्षांत पहिल्यांदा. मी काही बोललो नाही.

जुन्या सामानाचा गाडा ढकलत एक जण चालला होता. तो थांबला, खुर्चीकडं निरखून बघितलं. "अज्जी, कुर्ची एष्टु?"

"कोडंगिल्ल!" आत्या म्हणाली. देणार नाही.

तो गेला. आत्या जरा या कुशीवर झाली, जरा त्या. वेताची एक काडी वर आली होती.

"टोचतंय रे," ती म्हणाली. "उगाच नाही उठले."